दूरसंचाराची फेरमांडणी : १९९४ ते २००३

टेलिफोन देणे, त्याचे दर ठरवणे, दुसऱ्या कोणाला तो व्यवसाय करू द्यायचा की नाही हे ठरवणे आणि ग्राहकाची तक्रार आली तर तिचा निकाल लावणे, ही सगळी कामे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडे होती. या एकवटलेल्या सत्तेचा आधार होता १८८५चा भारतीय तार कायदा. त्याच्या चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारला दिला होता. सरकारला योग्य वाटतील त्या अटींवर आणि मोबदल्यावर इतरांना परवाना देण्याची मुभाही त्याच कलमात होती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील पहिली टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये एका खासगी कंपनीनेच सुरू केली होती. मात्र १९४३ मध्ये सरकारने या शहरांतील खासगी कंपन्या ताब्यात घेतल्या, आणि त्यानंतर परवान्याची तरतूद कायद्याच्या पुस्तकात जवळजवळ पडून राहिली. पुढच्या अर्धशतकात देशात टेलिफोन म्हणजे सरकारी खाते हेच समीकरण रूढ झाले.

या व्यवस्थेचा परिणाम घराघरांत माहीत होता. टेलिफोनसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. घाई असेल तर 'ओन युवर टेलिफोन' योजनेत आगाऊ रक्कम भरायची. तरीही थांबावे लागे, फक्त रांग वेगळी असे. खासदारांना जोडण्यांचा कोटा होता, त्यामुळे टेलिफोन हे ओळखीने मिळणाऱ्या गोष्टींत मोडू लागले. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास बसायचे. 'अर्जंट' किंवा 'लाइटनिंग' सांगितले की पैसे काही पट. लखनौ आणि कानपूर यांच्यात १९६० मध्ये थेट डायल करण्याची सोय झाली, पण ती देशभर पसरायला दशके गेली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी टेलिफोन हा हक्क नसून चैन आहे अशा आशयाचे उत्तर दिल्याचे पुढे वारंवार सांगितले गेले. त्या काळच्या नियोजनाचा विचार खरोखरच तसा होता. पोलाद, वीज, सिंचन यांच्यापुढे टेलिफोनला भांडवल मिळत नसे. परकीय चलन तुटपुंजे असल्याने यंत्रसामग्रीची आयात अडे. आणि बंगळुरूच्या सरकारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधून निघणारी यंत्रे मागणीला पुरी पडत नसत.

पहिली हालचाल तंत्रज्ञानात झाली. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, एवढ्यात भारतीय परिस्थितीला मानवणारे डिजिटल एक्स्चेंज बनवायचे, अशी तिची जिद्द होती. सॅम पित्रोदा आणि जी. बी. मीमांसी यांच्याभोवती जमलेल्या तरुण अभियंत्यांनी वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालणारे १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले. ते १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसवण्यात आले. १९८५ मध्ये टपाल आणि तार खात्याची फाळणी होऊन दूरसंचार विभाग वेगळा झाला. पुढच्याच वर्षी मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम आणि परदेशी संपर्कासाठी विदेश संचार निगम या कंपन्या निघाल्या.

सर्वसामान्य माणसापर्यंत मात्र बदल पोहोचला तो पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमधून. विभागाने कमिशनवर बूथ चालवायला दिले आणि टेलिफोन न मिळालेल्या लाखो लोकांना टेलिफोन वापरता येऊ लागला. काचेची केबिन, आत धडधडणारा छोटा पंखा, डोक्यावर लाल आकड्यांत पळणारे मीटर आणि बोलणे संपताच छापून निघणारी पावती. रात्री उशिरा पाव दर लागत असे, म्हणून त्या वेळेला बूथबाहेर रांग लागे. एकाच यंत्राचा वापर अनेकांत वाटून घेण्याची ही कल्पना साधी होती, आणि पुढच्या अनेक मोठ्या धोरणांपेक्षा तिने गरिबांचे अधिक भले केले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

खात्याची रचना मात्र तशीच राहिली. १९८९ मध्ये दूरसंचार आयोग नेमला गेला, पण त्याचा अध्यक्ष आणि विभागाचा सचिव ही पदे लवकरच एकाच व्यक्तीकडे आली. १९९१ मध्ये एम. बी. अत्रेय समितीने विभागाची सेवा देणारी शाखा कंपनी म्हणून वेगळी काढण्याची शिफारस केली. कर्मचारी संघटनांचा तिला कडाडून विरोध झाला आणि अहवाल बाजूला पडला. धोरण आखणारा आणि धंदा करणारा वेगळा असावा, ही पहिली पायरी होती. ती ओलांडून सरकार थेट स्पर्धेकडे गेले, आणि पुढच्या दहा वर्षांतल्या बहुतेक भांडणांचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

१९९१च्या आर्थिक संकटानंतर यंत्रसामग्रीचे उत्पादन खुले झाले. १९९२ मध्ये चार महानगरांत मोबाइल सेवेसाठी निविदा निघाल्या. प्रत्येक शहरात दोन कंपन्या, निवड मुख्यतः तांत्रिक आणि आर्थिक क्षमतेवर. निवड जाहीर होताच डावललेल्या कंपन्या न्यायालयात गेल्या. 'टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात जुलै १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णयप्रक्रिया तपासण्याची आपली कक्षा आखून घेतली. तज्ज्ञांच्या निवडीच्या जागी न्यायालय स्वतःची निवड बसवणार नाही. मनमानी, पक्षपात किंवा बेकायदेशीरपणा झाला आहे का एवढेच पाहील. सरकारी निविदांच्या वादांत आजही याच निकालाचा हवाला दिला जातो. दूरसंचाराच्या दृष्टीने मात्र दोन वर्षे कोर्टात गेली होती.

१३ मे १९९४ रोजी पहिले राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले. त्यात परिस्थितीची कबुली स्पष्ट होती. दर शंभर माणसांमागे टेलिफोन ०.८, जगाची सरासरी १०. देशभर सुमारे ८० लाख जोडण्या आणि प्रतीक्षायादीत आणखी २५ लाख. ५ लाख ७६ हजार गावांपैकी टेलिफोन पोहोचलेली गावे जेमतेम १ लाख ४० हजार. उद्दिष्टे तितकीच धाडसी होती. १९९७ पर्यंत मागेल त्याला टेलिफोन आणि प्रत्येक गावात किमान एक. त्यासाठी ठरलेल्या तरतुदींच्या पलीकडे आणखी २३ हजार कोटी रुपये लागतील आणि ते सरकारकडे नाहीत, म्हणून स्थानिक टेलिफोन सेवाही खासगी कंपन्यांना खुली करायची, असा हा विचार होता. खासगी कंपन्या आणि सरकारी विभाग यांच्यात निवाडा कोण करणार, याची रचना मात्र धोरणाने उभी केली नाही.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत संचार भवनात बसलेल्या दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला हा पहिला मोबाइल कॉल. गर्दीच्या वेळेचा कमाल दर होता मिनिटाला १६ रुपये ८० पैसे, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. त्यामुळे मोबाइलधारक नंबर बघून फोन घेत नसे आणि जवळच्या एसटीडी बूथवरून उलट फोन करी. त्या वेळच्या अंदाजांत मोबाइल हे उद्योगपती आणि बड्या अधिकाऱ्यांचे साधन होते. शेतकरी किंवा रिक्षावाला त्या हिशेबात कुठेच नव्हता.

महानगरांबाहेरच्या परवान्यांसाठी देश सर्कलमध्ये विभागला गेला आणि त्यांची प्रतवारी अ, ब, क अशी झाली. मुंबई हे एक सर्कल, गोव्यासह उरलेला महाराष्ट्र दुसरे; म्हणून मुंबईचा मोबाइल पुण्यात नेला की रोमिंगचे पैसे पडत. या वेळी निवडीचा मुख्य निकष बदलला. जो अधिक परवाना शुल्क देऊ करील त्याला सर्कल, असा नियम ठरला. १९९५च्या निविदा उघडल्या तेव्हा सगळ्यांचेच डोळे विस्फारले. स्थानिक टेलिफोन सेवेसाठी हिमाचल फ्युचरिस्टिक या तुलनेने लहान कंपनीने परदेशी भागीदारांसह नऊ सर्कलसाठी मिळून सुमारे ८५ हजार कोटी रुपये देऊ केले होते. तिच्या तेव्हाच्या उलाढालीशी या आकड्याचा काहीच मेळ नव्हता. मग एका कंपनीला अ आणि ब गटांत तीनच सर्कल, अशी मर्यादा निविदा उघडल्यानंतर घालण्यात आली. कंपनीवरचा असह्य बोजा तिच्यामुळे हलका झाला, आणि मंत्र्यांवर मर्जीचा आरोप झाला. डिसेंबर १९९५ मध्ये या प्रश्नावर संसदेचे कामकाज अनेक दिवस बंद पडले. पुढच्या वर्षी केंद्रीय अन्वेषण विभागाने सुखराम यांच्या घरांवर छापे घालून सुमारे ३.६ कोटींची रोकड जप्त केली. नंतर वेगवेगळ्या खटल्यांत ते दोषी ठरले.

लिलावाची खरी किंमत नंतर कळली. फेरनिविदांत अनेक सर्कलना बोलीच आली नाही. स्थानिक सेवेचे प्रत्यक्ष सह्या झालेले परवाने सहाच निघाले. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचा परवाना ह्यूज-इस्पात या कंपनीने घेतला. देशातली पहिली खासगी लँडलाइन सेवा सुरू व्हायला १९९८ उजाडले, तीही मध्य प्रदेशात इंदूरला. १९९४च्या धोरणाने १९९७ पर्यंत मागेल त्याला टेलिफोन देण्याचे वचन दिले होते, हे येथे आठवले पाहिजे.

धोरणालाच आव्हान देणारी दिल्ली सायन्स फोरमची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये फेटाळली. खासगी कंपन्यांना परवाने देण्याचा सरकारचा अधिकार १८८५च्या कायद्यातच आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वेळी स्वतंत्र नियामकाच्या गरजेवर भर दिला. वर्षभर आधी, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियंत्रण सार्वजनिक हितासाठी झाले पाहिजे, हे तत्त्व याच न्यायालयाने सांगितले होते. अखेर संसदेने कायदा केला आणि २० फेब्रुवारी १९९७ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, अस्तित्वात आले. न्यायमूर्ती एस. एस. सोधी त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

नवा नियामक आला तेव्हा मैदान आधीच भरले होते. खासगी मोबाइल कंपनीचा प्रत्येक कॉल, तो लँडलाइनवर जायचा असो की परगावी, दूरसंचार विभागाच्या एक्स्चेंजमधूनच जावा लागे. त्यासाठी दोन यंत्रणांमध्ये जोडरेषा हव्यात. त्या किती द्यायच्या, कधी द्यायच्या आणि कोणत्या दराने, हे विभागच ठरवी. जोडरेषा अपुऱ्या पडल्या की ग्राहकाला 'सर्व मार्ग व्यस्त आहेत' एवढेच ऐकू येई, आणि दोष खासगी कंपनीला जाई. लँडलाइनवरून मोबाइलला केलेल्या कॉलचे दर विभागाने वाढवले तेव्हा ट्रायने आपल्या सुरुवातीच्या आदेशांपैकी एकात ती वाढ रद्द केली. विभागाला हे रुचले नाही. महानगर टेलिफोन निगमला मोबाइल सेवा देऊ देण्याच्या प्रश्नावर दोघांचा उघड संघर्ष झाला. नवा परवाना देण्यापूर्वी आपली शिफारस घेतलीच पाहिजे, असे ट्रायचे म्हणणे होते. जुलै १९९८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला : कायद्याच्या भाषेप्रमाणे ट्रायची शिफारस परवाना देणाऱ्यावर बंधनकारक नाही. ट्रायला दर ठरवता येत होते, पण बाजारात कोण उतरणार यावर त्याची सत्ता चालत नव्हती.

दरम्यान कंपन्यांचा हिशेब कोसळत होता. ग्राहकसंख्येचे फुगवलेले अंदाज धरून वर्षाकाठी ठरावीक शुल्क कबूल केलेले, आणि ग्राहक येईनात. बँकांनी कर्ज थांबवले, शुल्काची थकबाकी साचत गेली, सरकारने हमीपत्रे वटवण्याचा इशारा दिला, कंपन्या न्यायालयात धावल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी जसवंतसिंह यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला, आणि २६ मार्च १९९९ रोजी नव्या दूरसंचार धोरणाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्याचा गाभा एकाच तरतुदीत होता : ठरावीक परवाना शुल्काऐवजी कंपनीच्या महसुलातला वाटा. धंदा वाढला तर सरकारचे उत्पन्न वाढेल, धंदा मंद असेल तर कंपनी बुडणार नाही.

जुन्या परवानाधारकांना या पद्धतीवर आणणे सोपे नव्हते. लिलावात हरलेल्यांना हा अन्याय वाटत होता, कारण मोठी बोली लावून जिंकलेल्यांना आता ती बोली माफ होत होती. दूरसंचार मंत्री जगमोहन या सवलतीच्या विरोधात होते. जून १९९९ मध्ये त्यांच्याकडून खाते काढून घेण्यात आले. एप्रिलमध्येच लोकसभेत विश्वासमत गमावलेले काळजीवाहू सरकार एवढा मोठा निर्णय घेऊ शकते का, हा आक्षेप रास्त होता. तरीही जुलैमध्ये निर्णय झाला. कंपन्यांनी थकबाकी भरायची, न्यायालयीन दावे मागे घ्यायचे, आपल्या सर्कलमध्ये आणखी स्पर्धक येऊ द्यायचे. त्या बदल्यात १ ऑगस्ट १९९९ पासून महसुलाच्या १५ टक्के असा तात्पुरता वाटा. हा दर २००१ मध्ये सर्कलच्या प्रतवारीनुसार १२, १० आणि ८ टक्क्यांवर आला. निर्णयाची पद्धत सदोष होती आणि निर्णय आवश्यक होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जानेवारी २००० मधील वटहुकुमाने आणि नंतरच्या दुरुस्तीने ट्रायची फेररचना झाली. परवाना देण्याआधी ट्रायची शिफारस मागणे सरकारवर बंधनकारक झाले, जरी ती मानणे बंधनकारक नव्हते. तंटे सोडवण्याचे काम काढून टीडीसॅट या नव्या न्यायाधिकरणाकडे देण्यात आले. सरकारविरुद्धच्या तक्रारीही तिथे नेता येऊ लागल्या. मग अत्रेय समितीची जुनी शिफारस फळाला आली. विभागाची सेवा देणारी शाखा आधी वेगळी केली गेली आणि १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगमची, म्हणजे बीएसएनएलची, सुरुवात झाली. तीन लाखांहून अधिक कर्मचारी एका रात्रीत सरकारी नोकरीतून कंपनीत जाणार होते. सप्टेंबरमध्ये संप झाला, आणि निवृत्तिवेतन सरकारच देईल अशी हमी मिळाल्यावर तो मिटला. लाइनमनपासून अभियंत्यांपर्यंत ज्यांनी डोंगरात, सीमेवर तारा ओढल्या होत्या, त्यांच्यासाठी ती हमी न्याय्यच होती.

दरांची फेरमांडणी मार्च १९९९ च्या ट्राय आदेशापासून सुरू झाली. तोवर परगावच्या कॉलचे दर खर्चाच्या कितीतरी पट ठेवून त्यातून स्थानिक टेलिफोन स्वस्त ठेवला जाई. स्पर्धक आला की तो फायद्याचे परगावचे कॉल उचलणार आणि तोट्याची गावे सरकारी यंत्रणेकडे राहणार, हे उघड होते. म्हणून एसटीडीचे दर उतरवले गेले, आणि मोबाइलचा कमाल दर मिनिटाला ६ रुपयांवर आला. ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्रीय लांब पल्ल्याची सेवा आणि एप्रिल २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सेवा खुली झाली. कॉल करणाऱ्यानेच पैसे भरावेत, हा ट्रायचा १९९९चा आदेश उच्च न्यायालयाने रद्द केला होता. तोच नियम १ मे २००३ पासून नव्या आंतरजोडणी शुल्कांसह लागू झाला आणि येणारे कॉल मोफत झाले. मोबाइल खऱ्या अर्थाने सर्वांचा झाला तो या निर्णयाने.

शेवटचा मोठा वाद तंत्रज्ञानाने आणला. स्थानिक सेवा देणाऱ्या कंपन्यांना शेवटच्या टप्प्यात तारेऐवजी वायरलेस वापरण्याची मुभा होती. जानेवारी २००१ मध्ये त्यांना त्या हँडसेटवर आपल्या स्थानिक क्षेत्रात फिरतीची परवानगी मिळाली. हा मागच्या दाराने दिलेला मोबाइल परवाना आहे, अशी मोबाइल कंपन्यांची तक्रार होती. प्रकरण टीडीसॅटकडे, तिथून सर्वोच्च न्यायालयात, पुन्हा टीडीसॅटकडे असे फिरत राहिले. या काळात प्रमोद महाजन आणि त्यांच्यानंतर अरुण शौरी या खात्याचे मंत्री होते. रिलायन्सने स्वस्त हँडसेट आणि दर घेऊन बाजारात उडी घेतल्यावर दोन प्रकारच्या परवान्यांतला फरक कागदापुरता उरला. नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारने एकत्रित परवाना आणला : एकदा प्रवेश शुल्क भरले की तार असो वा वायरलेस, कोणतेही तंत्र वापरून सेवा द्या. गावांसाठी वेगळी तरतूदही झाली. एप्रिल २००२ पासून महसुलाचा ५ टक्के भाग सार्वत्रिक सेवा निधीत जाऊ लागला.

मार्च १९९९ मध्ये देशात सुमारे १२ लाख मोबाइल होते. मार्च २००३ मध्ये ते १.३ कोटींच्या आसपास गेले, आणि २००४च्या ऑक्टोबरमध्ये मोबाइलची संख्या लँडलाइनपेक्षा जास्त झाली. २०१० पर्यंत दर शंभर माणसांमागे १५ टेलिफोन, हे १९९९च्या धोरणाचे उद्दिष्ट मार्च २००७ च्या आतच मागे पडले. गावे मात्र शहरांच्या खूप मागे राहिली.

१९९९च्या तडजोडीतला एक शब्द मात्र अनेक वर्षे पेटत राहिला : महसूल. वाटा कशाचा? फक्त टेलिफोन सेवेच्या उत्पन्नाचा, की भाडे, व्याज, लाभांश यांचाही? परवान्यातली व्याख्या व्यापक होती, कंपन्या ती मानायला तयार नव्हत्या, आणि खटले टीडीसॅट व सर्वोच्च न्यायालय यांच्यात दीड दशकाच्या आसपास चालले. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या उचलून धरली. मागची थकबाकी, व्याज आणि दंड मिळून परवाना शुल्काचाच आकडा सुमारे ९२ हजार कोटींवर गेला. तोवर बाजारातून कित्येक कंपन्या नाहीशा झाल्या होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने थकबाकी दहा वर्षांच्या हप्त्यांत फेडण्याची मुभा दिली, आणि पुढच्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने दूरसंचाराखेरीजचे उत्पन्न या व्याख्येतून वगळले. पण फक्त पुढच्या काळासाठी.